आई-बाबांना कळलं कसं नाही?

चि. बाळास,



परवा फोनवर तू सांगितलंस, की शाळेत कुणी बंदूक घेऊन आलं तर काय करायचं याचा, म्हणजे लॉकडाउनचा, सराव झाला, दिवे मालवले, सगळी मुलं वर्गाच्या कोपऱ्यात जमिनीवर चिडीचूप बसली आणि त्यानंतर गणिताचा तास नेहमीसारखा झाला. मग फोन ठेवता ठेवता विचारलंस, "आजी, जी मुलं शाळेत गोळीबार करतात, त्यांच्या आई-बाबांना आधी कळलं कसं नाही?" तुझ्यासारख्या हळव्या मुलालाच हा प्रश्न पडायचा, कारण तुला गेलेल्या मुलांइतकीच मागे राहिलेल्या आयांचीही काळजी वाटते. त्याचं उत्तर फोनवर देण्याजोगं नव्हतं, म्हणून हे पत्र लिहायला बसले आहे. तूही ते बसून वाच. शाळेची बस गाठायच्या गडबडीत नको, रविवारी सकाळी घर शांत असेल तेव्हा वाच.

आधी एका आईविषयी सांगते. कोलोरॅडोत लिटलटनजवळ कोलंबाइन नावाची शाळा आहे. २० एप्रिल १९९९ या दिवशी तिथल्याच दोन मुलांनी, एक अठरा वर्षांचा आणि दुसरा सतराचा, बारा विद्यार्थ्यांचा आणि एका शिक्षकाचा जीव घेतला आणि मग स्वतःलाही संपवलं. त्यातल्या धाकट्याच्या आईचं नाव सू क्लेबोल्ड. तिने २०१६ साली 'अ मदर्स रेकनिंग' हे पुस्तक लिहिलं. तुझ्या आईने मागच्या खेपेला ते माझ्यासाठी आणलं होतं (आणि अशी जड पुस्तकं या वयात वाचू नकोस असंही बजावलं होतं, पण तुझ्या आईचं सगळंच मी कुठे ऐकते?). थांबत थांबत वाचलं. एका बैठकीत वाचून होण्यासारखं ते नाहीच.

वाचणाऱ्याला वाटावं, असं मूल ज्या घरातून येतं ते घर भांडणाचं, मारहाणीचं, मुलाकडे ढुंकूनही न बघणारं असणार. तसं काही नव्हतं रे. आई कॉलेजातल्या अपंग विद्यार्थ्यांसाठी काम करायची, घरात बंदूक ठेवायला आई-बाप दोघांचाही विरोध होता, मुलावर माया होती. मुलाला विद्यापीठात प्रवेश मिळाला होता आणि आई-बाबांनी त्याला ते आवार दाखवूनही आणलं होतं. त्या दिवसाच्या अवघे तीन दिवस आधी तो शाळेच्या समारंभाला छान कपडे करून, मित्रमैत्रिणींबरोबर नाचायला गेला होता. असं मूल डोळ्यांसमोर असताना कुठल्या आईच्या मनात वाईट येईल?

पण खुणा होत्या. दोघा मित्रांनी १९९८च्या सुरुवातीला एका गाडीतून चोरी केली होती आणि पकडले गेले होते. दोघांना सुधारणेच्या कार्यक्रमात घातलं, तो त्यांनी इतका छान पार पाडला की मुदतीआधीच मोकळे झाले, आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. शाळेत धाकट्याने एक निबंध लिहिला, तो इतका हिंसक होता की बाईंनी आई-बाबांच्या कानावर घातलं; पण आईने तो प्रत्यक्ष वाचला तो सगळं होऊन गेल्यावर. त्याच्या मित्राने इंटरनेटवर लिहिलेल्या धमक्या एका कुटुंबाने पोलिसांकडे नेल्या होत्या, त्या मुलाच्या घराच्या झडतीसाठी कागदही तयार झाला होता, पण तो न्यायाधीशांपर्यंत कधी पोहोचलाच नाही. आणि त्या धाकट्याच्या वहीत, दोन वर्षं आधीपासून, मरून जावंसं वाटतं असं लिहिलेलं होतं. ती पानं आईच्या हाती आली तेव्हा मुलगा उरला नव्हता. बघ, एक गोष्ट बाईंना ठाऊक, एक पोलिसांना, एक त्या कुटुंबाला, एक नुसती वहीला. सगळं एका जागी मांडून शांतपणे बघायला कुणाला सवड झाली नाही.

त्या दिवशीच्या पहाटेचं तिने जे लिहिलं आहे ते मला सारखं आठवतं. मुलगा रोजच्यापेक्षा लवकर धाडधाड जिना उतरून निघाला, तिने खोलीतून हाक मारली, त्याने अंधारातूनच निरोपाचा एक शब्द टाकला आणि दार लागलं. त्या आवाजात काहीतरी तिला खटकलं. आईचा कान तो, खटकणारच. तिने नवऱ्याला सांगितलं, आणि संध्याकाळी घरी आला की बोलू असं ठरलं. कुठल्याही घरात असंच ठरलं असतं. पण ती संध्याकाळ आलीच नाही.

दुसरी गोष्ट तुमच्या मिशिगनमधलीच आहे, ऑक्सफर्डच्या शाळेतली. पंधरा वर्षांचा मुलगा, म्हणजे तुझ्याएवढाच. त्याच्या वडिलांनी शुक्रवारी पिस्तूल विकत घेतलं. सोमवारी वर्गात तो फोनवर गोळ्या शोधताना बाईंना दिसला, शाळेने घरी कळवलं आणि घरी ते हसण्यावारी गेलं. मंगळवारी, ३० नोव्हेंबर २०२१ रोजी सकाळी, गणिताच्या कागदावर त्याने काढलेलं पिस्तुलाचं आणि रक्ताळलेल्या माणसाचं चित्र सापडलं, शेजारी मदत मागणारे शब्द होते. आई-बाबांना शाळेत बोलावलं. ते आले, थोडा वेळ बसले, त्याला लवकरात लवकर समुपदेशन मिळवून द्या हे ऐकलं आणि कामावर परत गेले; मुलगा वर्गात परत गेला. त्याचं दप्तर कुणी उघडून पाहिलं नाही. दुपारी त्याने गोळ्या झाडल्या, आणि त्यात चार मुलं गेली. २०२४ साली न्यायालयाने त्या आईला आणि वडिलांनाही मनुष्यवधासाठी दोषी ठरवून प्रत्येकी दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा दिली. शाळेतल्या अशा हत्याकांडासाठी आई-बापांना असा दोष लागण्याची अमेरिकेतली ती पहिलीच वेळ. न्यायनिवाडा न्यायालयाने केला, तो मी पुन्हा करत नाही. मला फक्त ती सकाळ दिसते. मुलाने मदत हवी असं चक्क लिहून दिलं होतं, आणि प्रत्येकाला कुठेतरी जायचं होतं.

दोन्ही घरं एकमेकांसारखी नाहीत हे तुझ्या लक्षात आलंच असेल. एका घरात मुलाने सगळं झाकून ठेवलं होतं, दुसऱ्या घरात सगळं समोर मांडलेलं होतं. तरी दोन्हीकडे एक गोष्ट सारखी, ती म्हणजे घाई. तांदळातला पांढरा खडा तांदळासारखाच दिसतो, बाळा. ताट उजेडात धरून, बोटाने एकेक दाणा सरकवत निवडलं तरच तो सापडतो, नाहीतर जेवताना दाताखाली येतो. माया कमी पडते म्हणून नव्हे, ताट घेऊन बसायला वेळ नसतो म्हणून खडा राहून जातो. आता मुलांना समजावून सांगण्यापेक्षा त्यांचं ऐकून घ्या, असं ती सू क्लेबोल्ड जागोजागी सांगत असते, ते मला फार पटतं.

आता तुझ्या कामाचं सांगते, कारण या सगळ्यात तुमचं, मुलांचं, मोठं स्थान आहे. कोलंबाइननंतर अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने शाळांवरच्या ३७ हल्ल्यांचा अभ्यास केला, तो २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं, की ८१ टक्के घटनांत निदान एका माणसाला आधीच कुणकुण होती, आणि ती कळलेली माणसं बहुतेक करून बरोबरीची मुलं होती, मित्र, वर्गबंधू, भावंडं. मोठ्यांपर्यंत ते फारसं पोहोचलंच नव्हतं. आणि चांगली गोष्टही ऐक: २०२१ साली त्याच संस्थेने न घडलेल्या हल्ल्यांचा अभ्यास केला, २००६ ते २०१८ मधले आधीच उघडकीस आलेले ६७ कट, आणि त्यातले बहुतेक कुणीतरी बरोबरीच्या मुलाने वेळेवर तोंड उघडल्यामुळे थांबले होते. पेपरात मोठ्या अक्षरांत न घडलेली गोष्ट छापत नाहीत, म्हणून ती मुलं कुणाला माहीत नाहीत. पण किती आया त्या संध्याकाळी पोळ्या लाटत, भात चढवत नेहमीसारख्या मुलांची वाट पाहू शकल्या असतील, याचा विचार कर.

तुझ्या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. २००७ साली व्हर्जिनिया टेक या विद्यापीठातल्या गोळीबारात ३२ माणसं गेली, त्यात आपल्या मुंबईहून शिकायला गेलेली एक मुलगी होती. ज्या विद्यार्थ्याने ते केलं त्याच्या लिखाणाने त्याच्या प्राध्यापिका आधीच अस्वस्थ झाल्या होत्या, त्यांनी तसं सांगितलंही होतं. पण विद्यापीठाने त्याच्या आई-वडिलांना काही कळवलं नव्हतं. तेव्हा आई-बाबांना कळलं कसं नाही, याचं एक उत्तर हेही आहे, की कधी कधी त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

म्हणून माझं म्हणणं असं, की कुणी मित्र कधी म्हणाला, मला जगावंसं वाटत नाही, किंवा अमक्याला मी दाखवतो, किंवा अमक्या दिवशी तू शाळेत येऊ नकोस, तर ते गंमत म्हणून सोडून देऊ नकोस आणि गुपित म्हणून पोटातही ठेवू नकोस. त्या दिवशीच, ज्या मोठ्या माणसावर तुझा विश्वास आहे त्याला सांग. एकाने कानाआड केलं तर दुसऱ्याला सांग. ही चहाडी नव्हे. चहाडी करणारा दुसऱ्याला खाली ओढतो, आणि तू त्याला हात देतो आहेस. तुमच्या मिशिगनमध्ये 'ओके टू से' नावाची व्यवस्था आहे, तिथे नाव न सांगताही कळवता येतं. आणि मन फारच अंधारून आलं असेल तर मदतीसाठी तिकडे ९८८ आणि इकडे आपल्याकडे टेलिमानसचा १४४१६ हा नंबर आहे. लिहून ठेव, वहीच्या मागच्या पानावर. कागदावरचं लिखाण बॅटरी संपली तरी दिसतं.

पण इथेही घाई नको हं! गप्प बसणारा, एकटा डबा खाणारा, काळे कपडे घालणारा मुलगा दिसला की त्याच्याकडे संशयाने बघू नकोस. दुःखी मुलांपैकी फार फार थोडी कुणाला इजा करतात. बाकीची फक्त दुःखी असतात आणि त्यांना शेजारी बसणारं कुणी हवं असतं. तू तुझा डबा घेऊन त्याच्याजवळ बसशील हे मला सांगायला नको. पहिलीत असताना सुट्टीत तू इथे आला होतास, तेव्हा पेरूची फोड आधी समोरच्या अंगणातल्या पोराला नेऊन दिली होतीस आणि मग स्वतः खाल्ली होतीस, तो तूच ना?

आता माझ्या दोन-तीन नेहमीच्या गोष्टी, ज्या तू पाठ म्हणून दाखवशील, तरी सांगते. सकाळी थोडा लवकर ऊठ. अभ्यासासाठी नव्हे रे, तुझी आई चहा घेत एकटी बसलेली असते, तिच्याजवळ जाऊन बसण्यासाठी. तेव्हा ऑफिसचे फोन सुरू झालेले नसतात, तिला घाई नसते, तुलाही नसते, आणि माणसाच्या तोंडून जे रात्री निघत नाही ते पहाटे आपसूक निघतं. बोलायला काही नसलं तर नुसता बैस. आईला तुझा रोजचा आवाज ठाऊक असला, तरच तो बदललेला तिला ओळखू येईल.

दुसरं, काटकसर. पैशांची तू करतोसच, मागच्या दिवाळीची ओवाळणी अजून जपून ठेवली आहेस हे मला कळलं आहे. तशीच रागाच्या शब्दांची कर. रात्री कुणी फोनवर बोचरं लिहिलं, तर उत्तर खर्चून टाकू नकोस, सकाळपर्यंत ठेव. उजाडल्यावर त्यातलं निम्मं पाठवावंसं वाटणार नाही.

आणि तिसरा धीर. तुझ्या वयात एक वाईट दिवस जन्मभराचा वाटतो, एक अपमान सगळ्या जगाने केल्यासारखा वाटतो. तो तसा नसतो, पण हे कळायला थोडे दिवस जाऊ द्यावे लागतात आणि तेवढा वेळ कुणाच्या तरी सोबतीने काढावा लागतो. तुझ्या मनात कधी काही दाटून आलं, तर आई-बाबा दमलेत, कामात आहेत, म्हणून गिळून टाकू नकोस. त्यांना थांबव. बाह्या धरून थांबव. आम्ही मोठी माणसं घाईत असतो खरी, पण मुलाने थांबवलं तर थांबणार नाही असं आपल्या घरात तरी कुणी नाही. आणि माझा फोन रात्रभर उशाशी असतो. तुझी संध्याकाळ ती माझी पहाट, तेव्हा मी उठलेलीच असते.

तुझ्या चांगुलपणाची मला काळजी नाही. एवढंच कर, हे पत्र वाचून झालं की आईला दे आणि ती वाचेपर्यंत तिच्या शेजारी बैस.

तुझी,
आजी