वेशीजवळ धरलेला मनुष्य
(यिर्मया 37:11–15, 38:7–13)

खास्दी लोकांच्या सैन्यानें यरुशलेमेस घातलेला वेढा कांहीं दिवस उठला होता. तेवढ्यांत यिर्मया संदेष्टा आपल्या वतनाच्या कामाकरितां बन्यामीन प्रांतीं जाण्यास निघाला. वेशीवरील नायकानें त्यास धरून त्याजवर शत्रूस फितूर झाल्याचा आरोप ठेविला. तें खोटें आहे असें यिर्मयानें सांगितलें, परंतु कोणीं ऐकिलें नाहीं. त्यास मार मिळाला व तो कैदेंत पडला.

येथें एक गोष्ट आपण नीट पाहावी. तो देवाचें वचन सांगतो म्हणून त्यास धरिलें, असें त्या नायकानें म्हटलें नाहीं. आरोप फितुरीचा होता. युद्धाच्या काळीं देवाच्या लोकांचा छळ बहुधा याच नांवाखालीं होत आला आहे. आणि ज्यांस आपल्याच गांवांत 'तुम्ही परक्यांचे' हे शब्द ऐकावे लागले आहेत, त्यांस हा आरोप निराळा समजावून सांगण्याचें कारण नाहीं.

वऱ्हाडच्या मंडळ्यांस लागून असलेलें एक उदाहरण सांगतों. अकोला, अमरावती व खामगांव येथें ज्या अलायन्स मिशनानें काम केलें, त्याचे लोक उत्तर चीन देशांतही होते. 1899 सालीं आपल्याकडे पाऊस गेला, आणि पुढील वर्षीं मिशनच्या आश्रमांत दुष्काळानें पोरक्या केलेल्या मुलांची गर्दी झाली. आज आपल्या मंडळ्यांत बसणाऱ्या कित्येकांचे पणजोबा त्या मुलांपैकींच असतील. त्याच सुमारास उत्तर चीनमध्येंही अवर्षण पडलें. तेथें गांवोगांव भिंतींवर कागद चिकटविले गेले कीं, परक्यांच्या धर्मामुळें आकाश कोपलें व पाऊस अडला. एकाच वर्षीं, एकाच मिशनाच्या लोकांपुढें, येथें उपाशीं मुलें आलीं व तेथें तलवार आली.

गोऱ्या मनुष्यास त्या प्रांतीं 'केसाळ' म्हणत, व चिनी ख्रिस्ती मनुष्यास 'दुय्यम केसाळ'. 1900 च्या उन्हाळ्यांत बॉक्सर म्हणविणाऱ्यांनीं व कांहीं ठिकाणीं खुद्द सरकारी अंमलदारांनीं जी कत्तल केली, तींत प्रॉटेस्टंट मिशनरी व त्यांचीं मुलें मिळून सुमारें 190 जीव गेले. अलायन्स मिशनाचीं, बहुतेक स्वीडन देशाहून आलेलीं, 30 हून अधिक माणसें त्यांत होतीं. चिनी प्रॉटेस्टंट ख्रिस्ती सुमारें 2,000 मेले, आणि रोमन कॅथोलिक त्यांच्या कित्येक पट. मिशनऱ्यांचीं नांवें पुस्तकांत छापलीं गेलीं. त्या चिनी शेतकऱ्यांपैकीं बहुतेकांचीं नांवें त्यांच्या गांवाबाहेर कोणास ठाऊक झालीं नाहींत.

हा सर्व केवळ सत्याचा द्वेष होता असें म्हणणें मात्र न्यायाचें होणार नाहीं. 1897 सालीं दोन जर्मन पाद्र्यांचा खून झाला, त्याचें निमित्त करून जर्मनीनें चीनचें एक बंदरच घेतलें. देवळांच्या जत्रेच्या वर्गणींतून ख्रिस्ती लोकांस सूट मिळाली होती, आणि मिशनऱ्याच्या एका चिठ्ठीनें कोर्टांतील खटला फिरतो, हेंही शेजारी पाहत होते. ज्या मंडळीनें साहेबाच्या वजनाचा आसरा घेतला, तिला त्या वजनाची किंमत पुढें चुकवावी लागली. आणि ती चुकविली बहुधा ज्यांनीं तो आसरा कधीं मागितला नव्हता त्यांनीं. पुढें आठ राष्ट्रांचीं सैन्यें आलीं, त्यांत इंग्रजांनीं नेलेले आपले हिंदी शिपाईही होते. पेकिंग शहर लुटलें गेलें व 1901 च्या तहानें चीनवर 45 कोटि तेल रुप्याचा दंड बसला. चायना इन्लंड मिशनाचीं सर्वांहून अधिक माणसें मेलीं होतीं. त्या मिशनानें जीवांची वा मालमत्तेची कांहींही भरपाई घेण्याचें नाकारिलें. आम्हांस तर सर्व तोफांपेक्षां या नकाराचें बळ मोठें वाटतें.

अलायन्स मिशनाच्याच कामांतून उभी राहिलेली दुसरी मंडळी व्हिएतनाम देशांतली. तेथील डोंगराळ प्रदेशांत बान मी थुओत शहराजवळ कुष्ठरोग्यांचा दवाखाना होता. अचलपुराजवळच्या कोठाऱ्याच्या दवाखान्यावरून आपणांस त्याची कल्पना येईल. 1962 च्या मे महिन्यांत तेथून तिघांस बंदुकधाऱ्यांनीं नेलें; त्यांत एक डॉक्टरीण बाई होत्या. तिघांपैकीं कोणीही परत आलें नाहीं. 1968 सालीं त्याच शहरांत सहा मिशनरी मारले गेले. 1975 सालीं युद्ध संपलें, पण डोंगरांतल्या रादे लोकांचें दुःख संपलें नाहीं. 'तुम्ही अमेरिकेचे' म्हणून त्यांचे पाळक छावण्यांत डांबले गेले व बहुतेक उपासनामंदिरें बंद झालीं. मग लोक घरांत व शेतांत जमूं लागले, आणि जेथें एकही मिशनरी उरला नव्हता, तेथें मंडळी पूर्वींपेक्षां पुष्कळ वाढली.

आपल्या शेजारच्या म्यानमार देशांतही 2021 सालीं लष्करानें सत्ता घेतल्यापासून युद्ध चालूं झालें. त्या वर्षीं सप्टेंबरांत थान्तलांग गांवीं घरें पेटलीं असतां एक तरुण बाप्टिस्ट पाळक आग विझविण्यास धांवला व सैनिकांच्या गोळीनें पडला. हजारों चिन लोकांनीं सीमा ओलांडून मिझोराममध्यें आसरा घेतला.

आतां यिर्मयाकडे वळूं. पुढें त्यास चिखलाच्या विहिरींत टाकिलें, तेव्हां त्याच्या साहाय्यास आला तो एबद-मलेख नांवाचा कूशी, म्हणजे परदेशी चाकर. त्यानें सैन्य मागितलें नाहीं, खास्द्यांस बोलाविलें नाहीं, कीं सरदारांचा सूड घेतला नाहीं. तो उघडपणें राजापुढें जाऊन खरें बोलला; आणि मग जुन्या चिंध्या गोळा करून दोरीबरोबर खालीं सोडल्या, कारण नुसती दोरी त्या क्षीण मनुष्याच्या काखेंत रुतली असती. हा चिंध्यांचा विचार आमच्या मनांत फार भरतो.

म्हणून येत्या रविवारीं संकटांतल्या मंडळ्यांसाठीं प्रार्थना करितांना अमुक सैन्याचा जय होवो असें मागूं नका. तसें मागणें म्हणजे त्या वेशीवरील नायकाचाच आरोप आपल्या तोंडानें खरा करून देणें होय. शांति मागा, आग विझविणाऱ्यांसाठीं मागा, ज्यांनीं धरिलें त्यांच्यासाठींही मागा. दान द्यावयाचें असेल तर तें मिझोरामांतील निर्वासितांच्या अन्नवस्त्राकरितां वेगळें काढून पंचांच्या हवालीं करावें, आणि कोणत्या गांवच्या लोकांसाठीं दिलें तें मंडळींत मोठ्यानें वाचावें. नांवें माहीत नसतील तर निदान गांवांचीं नांवें तरी मुलांस पाठ असूं द्यावींत: थान्तलांग, बान मी थुओत.