कच्चा आणि ढ

अभ्यासात मागे पडलेल्या मुलासाठी आपल्या मराठीत दोन शब्द आहेत. एक 'कच्चा' आणि दुसरा 'ढ'. बोलताना आपण दोन्ही सारखेच वापरतो, पण त्यांचा अर्थ एक नव्हे. कच्चा आंबा आज ना उद्या पिकतो; त्याला ऊब आणि वेळ हवा, एवढेच. 'ढ'बद्दल मात्र असे सांगतात की, सम्राट अशोकाच्या काळापासून बाकीची अक्षरे बदलत गेली आणि ढ तेवढा जवळजवळ होता तसाच राहिला. म्हणून ज्याच्यात काही फरक पडत नाही तो ढ. पहिला शब्द आजची स्थिती सांगतो, दुसरा जन्माचा निकाल देतो.

हा भेद आठवायचे कारण असे. आपली मुले-मुली लष्करातून सुटून कॉलेजच्या दाराशी जातात. बगरूतला कुणी गणित तीनच युनिटांचे केलेले असते, कुणाचे गुण कमी पडलेले असतात. इंजिनिअरिंग किंवा कॉम्प्युटर घ्यायचा तर तेवढ्याने भागत नाही. मग त्यांना सांगण्यात येते की, आधी मेखिना करा. तिथे बऱ्याच वेळा पुन्हा अपूर्णांक, ऋण संख्या, कंस आणि साधी समीकरणे येथूनच सुरुवात होते. बंदूक खांद्यावर घेऊन आलेला बावीस वर्षांचा मुलगा, आणि पुढ्यात लहानपणीचे गणित! घरात कुणी म्हणते, "नातेवाइकांत बोलू नकोस." कुणी म्हणते, "हा आपला अपमान आहे." तेव्हा प्रश्न असा की, मोठ्या वयात खालच्या बाकावर बसणे ही खरोखर मानहानी आहे काय?

प्रथम हे पाहू की मूल मागे पडते कसे. इतिहासात एका राजाचा धडा चुकला तरी पुढचा राजा समजतो. गणिताचे तसे नाही. ते मजल्यावर मजला चढवलेले घर आहे. अर्धा अधिक एक तृतीयांश म्हणजे पाच षष्ठांश. एखादा मुलगा वरचे अंक वरच्यात आणि खालचे खालच्यात मिळवून दोन पंचमांश असे उत्तर काढतो. त्याला शांतपणे एवढेच विचारावे : दोन पंचमांश तर अर्ध्याहून कमी, मग अर्ध्यात भर घातल्यावर ते घटले कसे? हा प्रश्न मनात उतरला की ती चूक बहुधा परत होत नाही. म्हणजे बुद्धी कमी नव्हती. योग्य वेळी हा प्रश्न विचारणारा भेटला नव्हता.

देश बदललेल्या कुटुंबांत तर हे सहज घडते. मूल चौथी-पाचवीत असताना इकडे आले, की नेमके अपूर्णांक बुडतात. फळ्यावर गणित चाललेले असते आणि मूल अजून शब्द ओळखत असते. हिब्रूत अपूर्णांकाला 'शेवेर' म्हणतात. त्या शब्दाचा दुसरा अर्थ मोड, तूट. काय मोडले ते कळेपर्यंत वर्ग पुढच्या धड्यावर गेलेला असतो.

"आपल्या लोकांच्या डोक्यातच गणित नाही," असे जे घराघरांत म्हटले जाते, त्याला तर काडीचा आधार नाही. कोकणात आपल्याला 'शनवार तेली' म्हणत. तेलाचा धंदा हा शेर, अदशेर, पावशेराचा हिशेब. जुन्या मराठी शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी हे पाढे घोकून घेत. दीड रुपया शेराने सात शेरांचे साडेदहा रुपये, हे सांगायला कागद लागत नसे. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. हे सारे अपूर्णांकच आहेत.

आता उल्पानकडे पाहा. जेरुसलेममध्ये १९४९ साली उल्पान एत्सिओन सुरू झाले, आणि पुढे गावोगाव उल्पान निघाले. तिथे डॉक्टर, मास्तर, कारकून, गिरणी कामगार एकाच बाकावर बसून 'आलेफ, बेत' गिरवू लागले. कुणी ही गोष्ट लपवून ठेवली नाही. का? एक तर सगळेच बसत होते. आणि दुसरे, हिब्रू न येणारा माणूस ढ आहे असे कुणालाच वाटत नव्हते. ती अजून शिकायची आहे, एवढेच. गणिताबाबत मात्र आपण समजतो की, ते एखाद्याला जन्मतः येते किंवा कधीच येत नाही. लाज येते ती या समजुतीतून.

आपल्या समाजाला तर या बाकाची लाज वाटण्याचे मुळीच कारण नाही. एक काळ असा होता की कोकणातल्या आपल्या पूर्वजांना हिब्रू प्रार्थना येत नव्हत्या. शेमा तेवढा ओठांवर होता. शब्बाथ, सुंता आणि खाण्यापिण्याचे नियम टिकले होते. परंपरा सांगते की, दावीद राहाबीने येऊन तीन तरुण निवडले, त्यांना शिकवले, आणि तेच पुढे काजी झाले. एकोणिसाव्या शतकात कोचीनहून आलेल्या शिक्षकांनी आपल्या मशिदींत हज्जानाचे आणि शिकवण्याचे काम केले. म्हणजे सबंध समाजच एकदा, वयाने मोठा असताना, पहिल्या धड्यापासून शिकला. त्यात त्याची पत गेली नाही, वाढली.

पण जो दुसऱ्याला खालच्या बाकावर बसवतो, त्याच्यावरही जबाबदारी असते. तपासणी ज्ञानाची असावी, माणसाची नव्हे. १९६२ साली विवाहाच्या नोंदणीसाठी बेने इस्राएलांच्या पूर्वजांची चौकशी करण्याचे आदेश रब्बिनाटने काढले. त्याविरुद्ध आपली माणसे जेरुसलेमला धरणे धरून बसली, आणि १९६४ साली त्या आदेशातून आपल्या समाजाचे नाव काढण्यात आले. ती चौकशी कुणाला काही शिकवण्यासाठी नव्हती. तुम्ही आमच्यातले आहात का, असा तो प्रश्न होता. गणिताच्या वर्गातही आडनावावरून किंवा गावावरून मुलाची पायरी ठरू लागली, तर तिथेही तक्रार करणेच योग्य.

वर्गाला वरची वाटही हवी. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत मुलांना अशा गणिताच्या एकामागून एक पायऱ्या चढाव्या लागत. त्यांचे गुण पदवीसाठी धरले जात नसत, आणि कितीएक मुले त्या पायऱ्यांवरच शिक्षण सोडून जात. म्हणून २०१७ साली तिथे कायदा झाला की, शक्यतो थेट पदवीच्या गणितात बसवावे आणि लागेल ती मदत सोबत द्यावी. ही एक बाजू. दुसरी बाजूही आहे. त्याच राज्यातील सॅन डिएगोच्या विद्यापीठात प्राध्यापकांच्या एका समितीने २०२५ च्या नोव्हेंबरात अहवाल दिला की, ज्यांचे गणित हायस्कूलच्याही खाली आहे अशा नव्या विद्यार्थ्यांची संख्या पाच वर्षांत सुमारे तीस पट झाली आहे. खड्ड्याजवळचा फलक काढला म्हणून खड्डा बुजत नाही, आणि फलक लावून निघून गेले तरीही बुजत नाही.

खड्डा बुजवण्याचे काम शिक्षक आणि विद्यार्थी दोघांचे. तालमुदात रब्बी प्रेदाची गोष्ट आहे. त्यांच्या एका शिष्याला प्रत्येक धडा चारशे वेळा सांगावा लागे. एके दिवशी त्याचे लक्ष उडाले आणि चारशे वेळा सांगूनही त्याला आले नाही. तेव्हा रब्बी आणखी चारशे वेळा सांगायला बसले. आणि रब्बी अकिवा, आपली परंपरा सांगते, वयाच्या चाळिसाव्या वर्षी आपल्या मुलाबरोबर बालशिक्षकापुढे बसून अक्षरे शिकले. एकाने शिकवण्याची लाज सोडली, दुसऱ्याने शिकण्याची.

तेव्हा आईबापांना विनंती एवढीच. मेखिना लपवू नका. कॉलेजला स्पष्ट विचारा की, हा वर्ग किती महिन्यांचा, खर्च किती, आणि तो पार केल्यावर कोणता अभ्यासक्रम नक्की मिळतो. लष्करातून सुटल्यावर जमा झालेली रक्कम शिक्षणासाठी वापरता येते, तीही चौकशी करा. आणि मूल संध्याकाळी घरी आले की "अजून तेच का?" असे न विचारता, "आज कोणते गणित सुटले?" असे विचारा. ते कागद पुढे करील. आपल्याला समजले नाही तर तसे म्हणावे आणि त्याच्याकडून समजावून घ्यावे.