रिकाम्या भूखंडाचें ऋण

विश्रामबागेंत सायंकाळीं फिरावयास निघालें म्हणजे तारेचें कुंपण घातलेले, बाभळी माजलेले आणि मालकाचें नांव पाटीवर मिरविणारे कित्येक भूखंड दृष्टीस पडतात. त्यांपैकीं एक माझा आहे. 2012 सालीं मीं तो बँकेकडून दहा लक्ष रुपये कर्ज काढून घेतला. अद्याप त्यावर एक वीटही बसलेली नाहीं. कर्ज काढून जागा घ्यावी आणि ती तशीच पडूं द्यावी, हें शहाणपण कीं अन्याय?

आधीं हिशेब पाहूं. दहा लक्ष रुपये शेंकडा 9 दरानें पंधरा वर्षांसाठीं घेतल्यास महिन्याचा हप्ता सुमारें 10,143 रुपये पडतो, आणि पहिल्या हप्त्यांतील 7,500 रुपये नुसते व्याजांत जातात. अखेरपर्यंत सव्वाआठ लक्षांवर व्याज भरावें लागतें. हा खटाटोप गृहस्थ करतो तो जागेचा भाव व्याजाहून वेगानें वाढेल या आशेनें.

तो भाव वाढवितो कोण? 1919 सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटीनें येथें विलिंग्डन महाविद्यालय काढलें. 1947 सालीं अभियांत्रिकीचें महाविद्यालय निघालें, जें आज वालचंद यांच्या नांवानें ओळखलें जातें. रस्ते झाले, वस्ती वाढली, 1998 सालीं सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून महानगरपालिका झाली. यांत माझा हात किती? वर्गांत शिकविलें तेवढाच, आणि त्याचा पगार मला मिळालाच होता! जमिनीच्या अशा किंमतवाढीस मिल्लनें न कमावलेली वाढ म्हटलें. हेन्री जॉर्जनें तर 1879 सालच्या आपल्या ग्रंथांत ती समाजाची मालमत्ता ठरविली. योगायोग असा कीं, त्याच वर्षीं आपल्याकडे दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. 1875 सालीं सुप्यापासून पेटलेल्या दंग्यांत कुळांनीं सावकारांचीं खतें जाळलीं होतीं. तो शेतकरी कसत असलेली जमीन गहाण टाकून कर्ज काढी आणि पोटाला मुके. मी जी कधीं कसणार नाहीं ती जमीन गहाण टाकून कर्ज काढलें, आणि माझें पोट सुरक्षित आहे.

यावर कोणी म्हणेल कीं, पगारदार माणसानें म्हातारपणाची सोय करूं नये काय? अवश्य करावी. 1 नोव्हेंबर 2005 नंतर नोकरीस लागलेल्या माझ्या तरुण सहकाऱ्यांस जुन्या निवृत्तिवेतनाचा भरंवसा उरला नाहीं. त्यांनीं जागेकडे आशेनें पाहिलें तर त्यांस लोभी म्हणण्यास माझी जीभ धजत नाहीं. शिवाय हप्त्याच्या धाकानें संसाराला काटकसरीचें वळण लागतें, हें मीं घरीं अनुभविलें आहे.

परंतु 2019 च्या ऑगस्टांत कृष्णेचें पाणी सांगलीच्या सखल वस्त्यांत शिरलें, तेव्हां माझ्या ओळखीचा एक रंगारी बायकामुलांसह कांहीं दिवस शाळेच्या वर्गांत राहिला. त्याचीही जागा आहे: एक गुंठा, म्हणजे 1,089 चौरस फूट, मूळ मालकास हप्त्याहप्त्यानें पैसे देऊन स्टँपाच्या कागदावर घेतलेली. गुंठेवारीचा 2001 सालचा कायदा अशांसाठींच झाला. विश्रामबाग त्यामानानें उंचावर. तिकडे जागा कां पाहिली नाहींस, असें मीं मूर्खासारखें विचारलें. तो म्हणाला, "सर, बँक पगाराचा दाखला मागती. आम्ही कुठनं आणायचा?"

बँकेचा यांत दोष नाहीं. तिच्यापाशीं दुसऱ्यांच्या ठेवी असतात, तिनें बिगरशेतीचा आदेश, मंजूर आराखडा आणि पगार पाहिलाच पाहिजे. दोष असलाच तर माझ्या निष्काळजी समजुतींत आहे. माझें कर्ज हा माझा आणि बँकेचा खासगी व्यवहार, असें मी धरून चाललों होतों. वस्तुतः मीं ज्या दरानें जागा घेतली तो दर माझ्यासारख्या पगारदारांच्या कर्जांनींच चढलेला होता. हप्ते मी भरतों खरे. पण चढलेल्या भावाच्या रूपानें त्यांचा कांहीं भार, जो कधीं बँकेंत गेलाच नाहीं, त्या रंगाऱ्यावरही पडतो. त्यांतून मी तेथें राहत असतों तर निदान गरजेचें निमित्त सांगतां आलें असतें. माझ्या जागेवर बाभळी राहतात.

एकतर तेथें घर बांधावें, नाहीं तर ज्याला राहावयाचें आहे त्यास ती रास्त भावानें द्यावी, असें मीं मनाशीं ठरविलें आहे. रास्त भाव म्हणजे घेतला तो, त्यांत व्याज मिळवून होईल तो, कीं आजचा बाजारभाव, यावर मात्र आमच्या घरीं अजून एकमत झालेलें नाहीं.