चाळीस गुणांची वेस

सप्टेंबर २०२५मध्ये कोल्टन हर्टा या पंचवीस वर्षांच्या अमेरिकन ड्रायव्हरने इंडीकार सोडत असल्याचं जाहीर केलं. इंडीकार म्हणजे उघड्या चाकांच्या मोटारींची अमेरिकेतली सर्वोच्च मालिका. तिथे त्याच्या नावावर नऊ विजय होते, २०२४च्या हंगामात तो उपविजेता होता आणि अँड्रेटी संघात त्याची जागा पक्की होती. हे सगळं मागे ठेवून त्याने २०२६च्या हंगामासाठी फॉर्म्युला टू निवडली. ही फॉर्म्युला वनच्या खालची पायरी. तिथली बहुतेक मुलं विशीच्या आगेमागे असतात. सोबत फॉर्म्युला वनमध्ये नव्याने येणाऱ्या कॅडिलॅक संघाच्या चाचणी-ड्रायव्हरचं काम त्याने पत्करलं.

हर्टाला वेग, नाव किंवा पाठबळ यांतलं काहीच कमी नव्हतं. कमी पडत होते पाच गुण. फॉर्म्युला वनची शर्यत चालवायला सुपर लायसन्स लागतं. त्यासाठी ठरावीक मालिकांमधून तीन वर्षांत ४० गुण मिळवावे लागतात, आणि २०२५चा इंडीकार हंगाम संपला तेव्हा हर्टाचा हिशेब ३५वर थांबला होता.

एका माणसाची लायकी सगळ्यांना दिसत असते आणि तरीही कोष्टक तिला ओळखत नाही, असं घडतं तेव्हा दोष कोणाचा? कोष्टकाचा, ते लागू करणाऱ्यांचा, की अन्य वाटेने आलेल्या त्या माणसाचा? हा प्रश्न मोटारींच्या शर्यतीपेक्षा मोठा आहे. पण हर्टाच्या कारकिर्दीत तो जितक्या स्वच्छपणे दिसतो तितका क्वचितच कुठे दिसतो.

कोल्टनचा जन्म ३० मार्च २००० रोजी कॅलिफोर्नियात झाला. वडील ब्रायन हर्टा स्वतः ड्रायव्हर. १९९८ आणि १९९९ अशी लागोपाठ दोन वर्षं त्यांनी लागुना सेकाच्या ट्रॅकवरची शर्यत जिंकली होती. पुढे ते संघमालक झाले. वेग हा त्या घरातला रोजचा विषय होता. पण ओळखीच्या अमेरिकन वाटेवरच मुलाला सोडण्याऐवजी पंधराव्या वर्षी त्याला ब्रिटनला पाठवलं गेलं. २०१५मध्ये कार्लिन संघातून तो तिथली फॉर्म्युला फोरच्या दर्जाची मालिका चालवत होता. त्याच संघातला त्याचा सहकारी होता लँडो नॉरिस. त्या वर्षी नॉरिस विजेता झाला आणि हर्टा तिसरा आला.

तिथून दोघांच्या वाटा फुटल्या. नॉरिस युरोपच्या शिडीवरून पायरी पायरी चढत गेला. हर्टा २०१६चा हंगाम युरोपात काढून मायदेशी परतला, दोन वर्षं इंडीकारच्या खालच्या इंडी लाइट्समध्ये झुंजला आणि इंडीकारमध्ये पोचला. २४ मार्च २०१९ रोजी टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या ट्रॅकवर त्याने इंडीकारमधली आपली पहिली शर्यत जिंकली. ती त्याच्या इंडीकार कारकिर्दीतली तिसरीच शर्यत होती, आणि एकोणिसावा वाढदिवस सहा दिवसांवर होता. इंडीकारच्या इतिहासातला तो सर्वांत तरुण विजेता ठरला. शर्यतीचा बराच काळ आघाडीवर असलेला विल पॉवर सगळ्यांचा वेग रोखणाऱ्या पिवळ्या बावट्याने अडचणीत आला, हर्टाचा पिट स्टॉप मात्र आधीच झालेला होता. त्या घडीला नशीब त्याच्या बाजूने होतं. पण पुन्हा शर्यत सुरू झाल्यावर अनुभवी ड्रायव्हर मागे असताना आघाडी टिकवणं हे नशिबाचं काम नव्हतं. त्याच वर्षी त्याने लागुना सेकाची शर्यतही जिंकली. वडिलांच्या विजयाला तेव्हा वीस वर्षं झाली होती.

मे २०२२मध्ये इंडियानापोलिसच्या रोड कोर्सवर पाऊस पडत असताना त्याची मोटार एका वळणावर जवळपास आडवी झाली. पुढच्या क्षणी गिरकी घेऊन ती बाहेर जाणार असंच पाहणाऱ्याला वाटलं. हर्टाने ती सावरली आणि शर्यत जिंकली. इंडीकारच्या मोटारीला पॉवर स्टीअरिंग नसतं. घसरणारी मोटार तिथे मनगटं आणि खांदे यांच्या जोरावर ओढून आणावी लागते. मोटारींची चौकट सगळ्यांना एकाच कंपनीची, दलाराची, आणि इंजिनं होंडाची किंवा शेवरलेची. त्यामुळे पहिल्या आणि दहाव्या मोटारीतला फरक फार थोडा असतो आणि ड्रायव्हरला लपायला जागा उरत नाही.

अशा ड्रायव्हरकडे फॉर्म्युला वनचं लक्ष जाणारच. जुलै २०२२मध्ये मॅक्लारेनने त्याला पोर्तुगालमधल्या पोर्तिमाओच्या ट्रॅकवर आपली आदल्या वर्षीची मोटार चालवायला दिली. पाठोपाठ रेड बुलने त्याला आपल्या अल्फाटॉरी या दुसऱ्या संघात घ्यायचं मनावर घेतलं. अडसर एकच होता. २०१९चा सातवा क्रमांक, २०२०चा तिसरा आणि २०२१चा पाचवा, यांचे मिळून गुण झाले ३२. सवलतीची चर्चा सुरू झाली, इतर काही संघप्रमुखांनी तिला उघड विरोध केला, आणि हर्टाकडे पुरेसे गुण नाहीत हे आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने, म्हणजे एफआयएने, स्पष्ट केलं. रेड बुलने नाद सोडला.

हा नियम आला कुठून, हेही पाहायला हवं; नाहीतर महासंघावर अन्याय होईल. २००१मध्ये किमी रायकोनेन मोटारींच्या अवघ्या २३ शर्यतींच्या अनुभवावर फॉर्म्युला वनमध्ये आला. २०१५मध्ये मॅक्स वेरस्टॅपेन सतराव्या वर्षी ग्रां प्रीला उभा राहिला. दोघेही पुढे जगज्जेते झाले. पण प्रत्येक सतरा वर्षांचा मुलगा वेरस्टॅपेन नसतो, आणि ताशी तीनशे किलोमीटरच्या वेगात एकाच्या कच्चेपणाची किंमत दुसऱ्याला मोजावी लागू शकते. शिवाय या खेळात पैशाने जागा विकत घेण्याची रीत जुनी आहे. म्हणून २०१६पासून किमान वय १८ आणि ४० गुण अशी वेस बांधली गेली. लहरीने, ओळखीने किंवा बापाच्या पैशाने कोणी आत येऊ नये, हा हेतू रास्त होता. आजही तो रास्त आहे.

अडचण कोष्टकाच्या आतल्या आकड्यांत आहे. २०२२च्या कोष्टकात फॉर्म्युला टूमधल्या पहिल्या तिघांनाही प्रत्येकी ४० गुण होते. इंडीकारमध्ये ४० फक्त विजेत्याला. दुसऱ्याला ३०, तिसऱ्याला २०, चौथ्याला १०. म्हणजे फॉर्म्युला टूमध्ये तिसरा आलेल्या विशीतल्या मुलाला वेस खुली, आणि इंडीकारमध्ये स्कॉट डिक्सनसारख्या सहा वेळच्या विजेत्याशी झुंजून तिसरा आलेला ड्रायव्हर अर्ध्या वाटेवर. फॉर्म्युला टू फॉर्म्युला वनच्याच आठवड्यात, त्याच ट्रॅकवर आणि त्याच कंपनीच्या टायरवर चालते, म्हणून तिचा अनुभव जास्त जवळचा, हे मान्य करता येईल. पण मग हे कोष्टक ड्रायव्हरची लायकी मोजत नाही, तो कोणत्या रस्त्याने आला ते मोजतं. लायकी मोजण्याच्या नावाखाली रस्ता मोजला जात असेल, तर तसं सरळ सांगायला हवं.

इतिहास या वादात एका बाजूने साक्ष देत नाही. जाक विलनव्हने १९९५मध्ये इंडियानापोलिस ५०० आणि त्या वर्षीची अमेरिकेतली कार्ट मालिका जिंकली, पुढच्या वर्षी विल्यम्समध्ये आला आणि १९९७मध्ये जगज्जेता झाला. हुआन पाब्लो मोंटोयानेही अमेरिकेतून येऊन फॉर्म्युला वनच्या शर्यती जिंकल्या. उलट मायकल अँड्रेटी अमेरिकेतला विजेता असूनही १९९३मध्ये मॅक्लारेनमध्ये एकच हंगाम, तोही अपुरा, टिकला. जाता जाता मोंझाला मिळवलेलं तिसरं स्थान हीच त्याची सर्वोत्तम कामगिरी ठरली. सलग चार वेळा अमेरिकेतली चॅम्पकार मालिका जिंकलेला सेबास्तियाँ बूर्दे टोरो रोसोमध्ये चाचपडतच राहिला. अमेरिकेत जिंकणारा युरोपात जिंकेलच असं नाही, आणि हरेलच असंही नाही. जे आधी ठामपणे सांगता येत नाही, त्याला २०, १० आणि ८ असे काटेकोर आकडे देण्यात खोटी अचूकता होती.

हर्टाला नकार मिळाल्यानंतर काय झालं तेही बोलकं आहे. हर्टासाठी हेरलेली अल्फाटॉरीची जागा निक डी व्रीसला मिळाली. तो २०१९चा फॉर्म्युला टू विजेता आणि फॉर्म्युला ईचा जगज्जेता. कोष्टकाच्या दृष्टीने त्यात उणं काढायला जागाच नव्हती. २०२३मध्ये दहा शर्यतींनंतर त्याला काढलं गेलं. त्याच हंगामात फ्लोरिडाचा लोगन सार्जंट विल्यम्समधून फॉर्म्युला वनमध्ये आला. गुण पूर्ण झाले तर जागा तुझी, असं संघाने आदल्या ऑक्टोबरात जाहीर केलं होतं, आणि फॉर्म्युला टूमध्ये चौथा येऊन त्याने ते पूर्ण केले. ऑस्टिनला दोन मोटारी बाद ठरल्यावर त्याला दहावं स्थान आणि एक गुण मिळाला. १९९३च्या मायकल अँड्रेटीनंतर फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवणारा तो पहिला अमेरिकन. ऑगस्ट २०२४मध्ये हंगाम अर्धवट असतानाच त्यालाही जागा सोडावी लागली. या दोन गुणी ड्रायव्हरांना मी कमी लेखत नाही. पण दोघेही नियमात चोख बसत होते आणि दोघेही टिकले नाहीत. किमान पात्रता आणि यश यांत मोठं अंतर आहे, आणि ते कोष्टक भरून काढत नाही.

वेस ओलांडण्याचं साधन कोणाच्या हाती असतं, हाही प्रश्न आहेच. फॉर्म्युला टूच्या एका हंगामाचा खर्च कोट्यवधी रुपयांच्या घरात जातो. मुंबईच्या जेहान दारूवालाने ही शिडी जवळून पाहिली आहे. २०१९मध्ये फॉर्म्युला थ्रीमध्ये तो तिसरा आला, रेड बुलच्या कनिष्ठ चमूत होता, फॉर्म्युला टूमध्ये त्याने शर्यतीही जिंकल्या. फॉर्म्युला वनची जागा मात्र मिळाली नाही. युरोपबाहेरच्या मुलाला कोवळ्या वयात घर सोडून तिकडे जावं लागतं, आणि तेवढं करूनही शेवटी जागा मोजक्याच असतात. इंडीकारसारख्या दुसऱ्या समर्थ मालिकेला पुरेसं मोल दिलं, तर निदान वाट एकच उरत नाही.

अशी वाट अडते तेव्हा माणूस सहसा दोनपैकी एक करतो. चिडून दार कायमचं लावून घेतो, किंवा आहे त्यात सुख मानतो. अलेक्झांडर रॉसीने सुख मानण्यापेक्षा पुष्कळ मोठं काही केलं. २०१५मध्ये मॅनर संघाकडून पाच ग्रां प्री चालवून झाल्यावर पुढची वाट बंद झाली, तेव्हा तो अमेरिकेत परतला आणि २०१६मध्ये पहिल्याच प्रयत्नात इंडियानापोलिस ५०० जिंकला. इंधन पुरवून पुरवून वापरत, जवळपास रिकाम्या टाकीने त्याने ती शर्यत संपवली. ती चाल आखणारे आणि त्या मोटारीचे सहमालक होते ब्रायन हर्टा, कोल्टनचे वडील. युरोपचं दार लागल्यानंतरही मोठं आयुष्य असतं, हे कोल्टनने घरातच पाहिलेलं होतं. म्हणूनच त्याच्या निर्णयाचं वजन जास्त आहे. पर्याय नव्हता म्हणून तो गेला नाही. चांगला पर्याय हाती असताना गेला.

आणि तो अवघड जागी गेला. फॉर्म्युला टूमध्ये सराव ४५ मिनिटांचा आणि पात्रता फेरी अर्ध्या तासाची. पिरेली टायर जरा जास्त ताणले की तापतात आणि पकड सोडतात. जोर लावायचा सोडून जोर राखायची सवय तिथे लावून घ्यावी लागते. इंडीकारमध्ये फायरस्टोन टायरवर सात हंगाम जोपासलेली आक्रमकता तिथे आड येऊ शकते. समोरच्या मुलांना हे टायर आणि हे ट्रॅक फॉर्म्युला थ्रीपासून ठाऊक असतात. तो जिंकला तर लोक म्हणणार, एवढा अनुभवी माणूस, जिंकायलाच हवं होतं. हरला तर म्हणणार, महासंघाचंच बरोबर होतं. या सौद्यात कौतुक थोडं आणि जोखीम मोठी, हे माहीत असून त्याने सही केली. डिसेंबर २०२५मध्ये त्याचा २०१५चा सहकारी लँडो नॉरिस फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला. दहा वर्षांपूर्वी एका संघात असलेल्या दोन मुलांपैकी एक शिखरावर होता आणि दुसरा पायथ्याशी नाव नोंदवत होता. मला यात हर्टाची नामुष्की दिसत नाही. ज्याने प्रौढांच्या मैदानात स्वतःला सिद्ध केलं आहे, तोच पुन्हा विद्यार्थ्याच्या बाकावर बसायची हिंमत करू शकतो. ज्याचा स्वतःवर विश्वास नसतो तो आपल्या जुन्या विजयांना घट्ट धरून बसतो.

पण त्याच्या या मोठेपणाने कोष्टक न्याय्य ठरत नाही. एखाद्याने अन्यायकारक अट हसतमुखाने पूर्ण केली, की अट घालणारे ती योग्यच होती असं मानू लागतात. हे आपण क्रीडांगणावर पाहतो, कचेऱ्यांत पाहतो, विद्यापीठांतही पाहतो. नियमाचं काम अपात्राला अडवणं हे आहे. सुरक्षिततेची किमान रेषा आखायची आणि ती कोणासाठीही हलवायची नाही, इथपर्यंत नियम हवाच. त्या रेषेच्या वर मात्र जाणत्या माणसांनी पाहावं, तपासावं, चुकीची जबाबदारी घेऊन निर्णय द्यावा. हर्टाच्या बाबतीत असा पुरावा हाताशी होता. त्याने फॉर्म्युला वनची मोटार चालवलेली होती, आणि एक संघ त्याला शर्यतीत उतरवायला तयार होता. त्या पुराव्याकडे पाहायला कोष्टकात रकाना नव्हता. जून २०२४मध्ये महासंघाने अपवादात्मक गुणवत्तेच्या सतरा वर्षांच्या मुलाला वयाची सवलत देण्याची तरतूद केली. म्हणजे वयाच्या बाबतीत माणसाची पारख करता येते, हे महासंघाला मान्य आहे. मग सात हंगाम अव्वल मालिकेत काढलेल्या ड्रायव्हरची पारख का करता येऊ नये?

हर्टा फॉर्म्युला वनमध्ये पोचेल की नाही, पोचला तर टिकेल की नाही, हे मोटारी आणि टायर ठरवतील. माझं म्हणणं त्याच्या निकालावर अवलंबून नाही. तो अपयशी ठरला तरी ३२ गुणांच्या वेळी त्याला निदान पारखून पाहायला हवं होतं, आणि तो जगज्जेता झाला तरी अपात्रांना अडवणारी वेस हवीच. ज्यांच्या हाती दुसऱ्याची लायकी ठरवण्याचा अधिकार आहे, मग ते परीक्षक असोत, निवड समितीचे सदस्य असोत किंवा नोकरीसाठी अर्ज चाळणारे अधिकारी असोत, त्यांना एवढीच विनंती: बेरीज जरूर करा, पण ती करून झाल्यावर मान वर करून समोरच्या माणसाकडेही पाहा. त्याचं काम पाहून घेतलेला निर्णय चुकला, तर त्याची जबाबदारी घ्या. आकड्यांच्या आड उभं राहून ती टाळू नका.