निष्प्रयोजन चाल आणि लीलेचा प्रश्न

खडकवासला धरणाच्या कडेने पहाटे धावणारा मनुष्य जेथून निघतो तेथेच परत येतो, आणि या येण्याजाण्यातून त्याच्या पदरी काय पडले हे सांगणे वाटते तितके सोपे नाही. प्रयोजन, म्हणजे ज्या हेतूने कृतीची प्रवृत्ती होते तो हेतू, मनात धरल्यावाचून मंदबुद्धी मनुष्यही हालचाल करीत नाही, असे कुमारिल भट्टांचे प्रसिद्ध प्रतिपादन आहे. आणि ते मान्य केले तर हौसेच्या धावण्यालाही कोठेतरी प्रयोजन शोधावेच लागते.

हाच आक्षेप ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात ईश्वराविषयी येतो: जो पूर्णकाम आहे, म्हणजे ज्याला मिळवण्याजोगे काही उरलेलेच नाही, त्याने सृष्टी का निर्माण करावी? सूत्रकारांचे उत्तर ‘लीला’ हे आहे, आणि शंकराचार्य आपल्या भाष्यात त्यासाठी दोन दाखले देतात: एक सर्व इच्छा पुरलेल्या राजाच्या क्रीडेचा, आणि दुसरा कोणतेही बाह्य प्रयोजन नसताना स्वभावतःच चालणाऱ्या श्वासोच्छ्वासाचा.

पहिला दाखला आजच्या धावणाऱ्याला सहज लागू पडेल असे वाटते, परंतु मनगटावरचे घड्याळ अंतर, वेग आणि हृदयाचे ठोके मोजू लागले की क्रीडेत फळ मागच्या दाराने शिरते, आणि कालच्यापेक्षा दोन मिनिटे जास्त लागली म्हणून दिवसभर खट्टू राहणाऱ्याला पूर्णकाम म्हणणे धाडसाचे ठरेल. गीतेच्या अठराव्या अध्यायातील सुखाची वर्गवारी येथे अधिक उपयोगी आहे. आरंभी विषासारखे आणि परिणामी अमृतासारखे ते सात्त्विक सुख, आणि याच्या उलट क्रमाने येणारे ते राजस, असा तिचा आशय आहे. अंथरूण सोडण्याचा कंटाळा आणि पहिल्या किलोमीटरची धाप सोसल्यावर येणारी मोकळीक पहिल्या प्रकारात बसते, तर तीच मोकळीक इतरांना दाखवण्याची हौस दुसऱ्या प्रकाराकडे झुकते.

तथापि देह या वर्गवारीला पुरता बधत नाही. डोणजे, गोळेवाडी मागे टाकून आतकरवाडीच्या पायवाटेने समुद्रसपाटीपासून सुमारे 1300 मीटर उंचीचा सिंहगड चढताना धाप लागते, पण दुखणे पुष्कळदा उतरणीचे असते. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार आवरून धरतो, एका अर्थी ब्रेकचे काम करतो, आणि त्याची वसुली दुसऱ्या दिवशी जिना उतरताना होते. चढण्याला कर्तृत्व आणि उतरण्याला नुसते परतणे समजणाऱ्या मनाला ही वसुली अन्यायाची वाटते. वारकरी परंपरेने मात्र पंढरीहून मागे येणाऱ्या पालखीच्या वाटचालीला परतवारी असे स्वतंत्र नाव दिले आहे, आणि त्या नावातच परतीच्या पावलांनाही वारीचा दर्जा मिळालेला आहे.

राजाच्या दाखल्यात आणखी एक अडचण आहे, आणि भाष्यकारांचा रोख वेगळा असल्यामुळे ती त्यांच्या विचाराच्या कक्षेत येत नाही. क्रीडा करण्यासाठी आधी इच्छा पुरलेल्या असाव्या लागतात. रविवारच्या रिकाम्या सकाळचा चढ ज्याला परवडतो त्याची पोटापाण्याची चिंता बहुधा आदल्या सहा दिवसांतच मिटलेली असते. त्याच गडावर मडक्यातले दही आणि पिठलं-भाकरी विकणाऱ्यांची पायपीट सरळसरळ सप्रयोजन आहे, आणि हौशी मनुष्य वर पोहोचल्यावर ज्या ताकाने तृप्त होतो ते ताक या पायपिटीवाचून तेथे नसते. लीलेचा उपयोग उच्चनीच ठरवण्यासाठी केला, तर श्रमाला हीन आणि फुरसतीला मुक्ती समजण्याची चूक घडते.

म्हणून दुसरा दाखला अधिक टिकाऊ ठरतो. श्वासाला मालक लागत नाही आणि सुबत्ताही लागत नाही. गडाच्या खड्या टप्प्यावर डोक्यावर हारा घेतलेली बाई आणि घड्याळाकडे पाहणारा धावपटू एकाच दगडावर टेकतात, तेव्हा दोघांचा श्वास सारख्याच गतीने फुललेला असतो.