फाडलेली चिठ्ठी

लग्नातला रुसवा तीस-तीस वर्षं टिकतो. कुणाला पंगतीत मागे बसवलं, कुणाच्या आहेरातली साडी हलकी निघाली, पत्रिकेत कुणाचं नाव राहिलं. ज्यांच्या हातून हे घडलं त्यांना आठवतही नसतं. ज्यांना लागलं त्यांना साडीचा रंगसुद्धा सांगता येतो. मधल्या काळात माफी मागून झालेली असते, बरं का. ‘झालं गेलं गंगेला मिळालं’ असंही म्हणून झालेलं असतं. पुढच्या भांडणात सगळं गंगेतून वर येतं.

माफी म्हटली की गांधीजींच्या ‘सत्याचे प्रयोग’ या आत्मकथेतला चोरीचा प्रसंग आठवतो. तो बहुतेकांनी कधीतरी वाचलेला असतो. मोहन 15 वर्षांचा. भावाच्या डोक्यावर 25 रुपयांच्या आसपास कर्ज. भावाच्याच हातातल्या सोन्याच्या कड्याचा तुकडा काढून ते फेडलं, पण मग मन खाऊ लागलं. माराची भीती नव्हती. वडिलांनी मुलांवर कधी हात उगारल्याचं त्याला आठवतच नव्हतं. वडिलांना दुःख होईल, ही भीती होती. तोंडाने सांगायचं धाडस होईना, म्हणून चिठ्ठी लिहिली. कबुली, शिक्षेची मागणी, पुन्हा चोरी न करण्याचं वचन. आणि एक विनंती: माझ्या अपराधाबद्दल तुम्ही स्वतःला त्रास करून घेऊ नका.

मला या विनंतीचं फार कौतुक वाटतं. ‘सॉरी म्हटलं ना एकदा!’ असं आपण म्हणतो, तेव्हा लक्ष असतं आपल्या सुटकेवर. समोरच्याचं काय झालं, हे विचारायचं राहूनच जातं.

वडील भगंदराने आजारी होते, साध्या फळीवर पडून असत. वाचायला उठून बसले. डोळ्यांतल्या पाण्याने कागद भिजला. क्षणभर डोळे मिटले, चिठ्ठी फाडली आणि पुन्हा आडवे झाले. मुलाला वाटलं होतं, रागावतील, कपाळ बडवून घेतील. तसं काही झालं नाही.

चिठ्ठी जपून ठेवता आली असती. कागद हातात असला की माणूस कायमचा मुठीत राहतो. हल्ली त्याला स्क्रीनशॉट म्हणतात. करमचंद गांधींनी तो पुरावाच संपवला. 1885 मध्ये ते गेले. पुढे चाळीसेक वर्षांनी मुलानं मात्र ती हकिगत ‘नवजीवन’ साप्ताहिकात सविस्तर लिहून काढली. क्षमा करणाऱ्यानं कागद फाडला आणि ज्याला क्षमा मिळाली, त्यानं तो जन्मभर मनात ठेवला. आपल्या घरांत ही वाटणी नेमकी उलटी असते. दुखावणारा विसरतो, दुखावलेला फाइल उघडून बसतो.

फाइल बंद करणं सोपं नाही. ‘काल मी उगाच ओरडले’ असं जेवताना कुणी म्हटलं, की ‘दिवाळीतही तू असंच...’ हे वाक्य जिभेवर आलेलंच असतं. ते आमटीच्या घासाबरोबर गिळावं लागतं, आणि आमटीची तारीफ करून विषय बदलावा लागतो.

अर्थात, दर शनिवारी पिऊन येणारा आणि रविवारी रडून माफी मागणारा नवरा असेल, तर त्याच्या बायकोला करमचंदांचा दाखला कुणी देऊ नये. त्या चिठ्ठीत वचन होतं, आणि शिक्षा भोगायची तयारीही होती.