वीरमरण आणि घरचा शोक

रणांत पडलेल्या तरुणाबद्दल त्याच्या माणसांनीं शोक करावा कीं अभिमान बाळगावा, हा प्रश्न वाचकांस निरर्थक वाटेल. दोन्ही करावीं, असें कोणीही म्हणेल. परंतु व्यवहारांत आपण तसें करूं देत नाहीं. 'रडूं नका, तो अमर झाला' हें वाक्य आपल्या तोंडीं इतकें बसलें आहे कीं, त्यांत एक मनाई दडलेली आहे याचें भानही आपणांस नसतें. आम्हांसही तें नव्हतें.

मुळशी तालुक्यांतील माले या गांवीं आमच्या एका चुलत बहिणीचें घर आहे. तिचा धाकटा मुलगा सैन्यांत होता. तो कामीं आला. आम्ही समाचारास गेलों, आणि तीस वर्षें महाविद्यालयांत शिकविणाऱ्या माणसास सुचावें तें सर्व, म्हणजे आत्म्याचें अमरत्व, क्षात्रधर्म, राष्ट्राचें ऋण, तिला सांगितलें. तिनें शांतपणें ऐकून घेतलें व म्हणाली, "दादा, तो कसा गेला ते सगळ्यांनी सांगितलं. तो कसा होता, ते कुणी विचारलं नाही." आम्हांस कांहींच बोलतां आलें नाहीं. पुढील विवेचन त्या मौनांतून निघालें आहे.

माल्यावरून जाणारा रस्ता ताम्हिणी घाट उतरून माणगांवास पोंचतो. तेथें नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. ते त्याच मुलखांतील पळसगांवचे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. १० जुलै १९४४ रोजीं इटलींत टायबर नदीच्या खोऱ्यांत त्यांच्या तुकडींतील बाकीचे सर्व मेले किंवा जखमी झाले, तेव्हां ते एकटेच शत्रूच्या मशीनगनवर धांवून गेले. हातबाँबनें ती त्यांनीं बंद पाडली. पुन्हां गोळ्या भरण्यास उसंत नाहीं असें पाहून स्वतःची बंदूक नळीकडून धरली व उरलेल्यांशीं झुंजले. आणि अखेर शत्रूच्या गोळ्यांनीं पडले. वय अवघें २२. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ज्यांच्या कबरी ठाऊक नाहींत अशा चार हजारांहून अधिक सैनिकांबरोबर कासिनो येथील स्मारकावर त्यांचें नांव कोरलेलें आहे. २०२३ मध्यें इटलींतील मोन्तोने येथें त्यांच्या स्मरणार्थ एक सूर्यघड्याळही उभें राहिलें.

हा गौरव यथायोग्यच आहे. तो न करणारा समाज कृतघ्न ठरेल. परंतु हीं स्मारकें कशाचीं? त्या कांहीं क्षणांचीं. त्यांच्या मागें बावीस वर्षें होतीं, आणि पुढें कदाचित् पन्नास असतीं. सन्मान कृतीचा होतो. शोक माणसाचा होतो. एकाची भरपाई दुसऱ्यानें होत नाहीं. शिवाय घाडगे परक्या राजसत्तेच्या सैन्यांत लढले. तें युद्ध आपलें होतें काय, याचा वाद इतिहासकार खुशाल घालोत. पण घरच्यांच्या अश्रूंनीं त्या वादाच्या निकालाची वाट पाहावयाची काय?

येथें कोणी गीतेचा आधार घेईल. ज्ञाता मृतांचा शोक करीत नाहीं, हा तिचा उपदेश खराच. पण तो युद्धाच्या पहिल्या दिवशींचा आहे. तेराव्या दिवशीं अभिमन्यु पडला, आणि तो उपदेश ज्यानें प्रत्यक्ष ऐकला होता तो अर्जुन त्या सायंकाळीं ढसढसां रडला. श्रीकृष्णांनीं त्याचें सांत्वन केलें. सुभद्रेकडेही ते गेले. व्यासांनीं ते अश्रू लपविले नाहींत. त्यानंतरची जयद्रथवधाची प्रतिज्ञा मात्र आपणांस अधिक पाठ असते. समाजास शोकाचीं दोनच रूपें मानवतात: अभिमान आणि सूड.

पेलोपोनेशियन युद्धाच्या पहिल्या वर्षाअखेर पेरिक्लीझनें मृतांच्या आईबापांस, वय असल्यास आणखी संततीची आशा धरा, असें सांगितल्याचें थ्युसिडिडीझनें नमूद केलें आहे. राज्याच्या हिशेबीं तें बरोबर असेल. एक सैनिक गेला तर त्याच्या जागीं दुसरा उभा राहतो. आईला दुसरा मुलगा होईल, पण गेलेला तोच परत येत नाहीं. हा हिशेब मुळशीच्या लोकांस नवा नाहीं. मुंबईस वीज पुरविण्यासाठीं टाटा कंपनीनें येथें धरण बांधावयास घेतलें. १९२१ मध्यें सत्याग्रह झाला, सेनापति बापटांनीं तो लढविला, तरी धरण झालेंच व गांवें बुडालीं. वीज निरुपयोगी होती असें नव्हे. पण मोबदल्याचा आंकडा म्हणजे बापजाद्यांची जमीन नव्हे, हें तेथील शेतकऱ्यास कोणी शिकवावें लागलें नाहीं.

आमचें म्हणणें इतकेंच. जें गेल्यानें कोणास दुःख होत नाहीं, तें देण्यास त्याग म्हणत नाहींत. म्हणून आईचें रडणें हें बलिदानास उणेपणा आणीत नाहीं. त्याचें मोल काय होतें, तें तेवढें एकटेंच सांगतें. जें राष्ट्र तें ऐकूं इच्छीत नाहीं, त्यास दुसऱ्यांचे मुलगे स्वस्त वाटूं लागण्याचें भय आहे.

पुढें महिन्यानें आम्ही पुन्हां माल्यास गेलों. या वेळीं उपदेश केला नाहीं. तो लहानपणीं कसा होता, एवढेंच विचारलें. धरणाच्या पाण्यांत पोहावयास जाऊं नये म्हणून त्याचा सदरा ती कुलुपांत ठेवी, आणि तो उघडाच पळून जाई, हें सांगतां सांगतां ती हंसली, आणि मग पुष्कळ वेळ रडली. आम्ही तिला 'रडूं नको' म्हटलें नाहीं.